डोंगर जळतोय, खिडकी कधी उघडू?

चिपळूणहून एका ताईंचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून नुसतं ताईच म्हणते. फ्लॅट गावाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी, दुसऱ्या मजल्यावर. फेब्रुवारी लागला की समोरच्या डोंगराला वणवा लागतो, कधी दोन दिवस कधी चार दिवस धुमसत राहतो, आणि रात्री घरभर धुराचा वास. सासूबाई ७१ वर्षांच्या, दम्याच्या पेशंट, मुलगा पहिलीत आहे आणि या दिवसात रात्रभर खोकतो. मिस्टर म्हणतात गवताचाच तर धूर आहे, केमिकल थोडंच आहे, लहानपणापासून बघतोय आपण. न्यू जर्सीची नणंद म्हणते एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे तो आकडा, बघ आणि प्युरिफायर घे. ॲपवर बघावं तर नव्वद-पंच्याण्णव आणि पुढे समाधानकारक असं लिहिलेलं. मग खरं कोणाचं, खिडक्या लावून घ्याव्या तर उकाड्याने जीव जातो, ओला रुमाल, गूळ, वाफ यांचा काही उपयोग आहे का, आणि गावी सासरे भाजावळ करतात, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्यांना थांबवू का, असं सगळं विचारलंय.

ताई, तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, की सासूबाई पहाटे साडेपाचला फिरायला जातात कारण तेव्हा हवा चांगली असते. एरवी असेल हो, पण डोंगर जळत असताना दिवसभरातली सगळ्यात वाईट हवा नेमकी तेव्हाच असते. बाकी काही जमो न जमो, हे मात्र उद्यापासूनच बंद करा.

कारण सांगते, कारण हे कळलं ना की पुढचे अर्धे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलोय आपण, दिवसा जमीन तापते म्हणून समुद्राकडून वारा आत येतो आणि रात्री जमीन थंड झाली की तो उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. आता चिपळूण कुठे आहे बघा, वाशिष्ठीच्या खोऱ्यात, चारी बाजूंनी डोंगर. रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि घसरत खाली खोऱ्यात येते, येताना वरचा धूर घेऊन येते. त्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा गरम असा उलटा थर तयार होतो, त्यामुळे धूर वर उठूच शकत नाही, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा खालीच कोंडतो. म्हणून संध्याकाळी सात-आठपासून वास सुरू होतो, मध्यरात्रीनंतर वाढत जातो आणि पहाटे धुरकट होऊन बसतो. धुकं पडलंय असं वाटतं लोकांना पण त्यातलं बरंच धूर असतो. सूर्य वर आला, जमीन तापली की साडेनऊ-दहानंतर हा थर मोडायला लागतो, मग दुपारी समुद्राकडचा वारा आत येतो आणि हवा बरीच मोकळी होते.

म्हणजे आपण काय करतो, दिवसभर उन्हामुळे खिडक्या लावून घेतो आणि रात्री गारवा आत यावा म्हणून सताड उघडतो. धुराच्या दिवसात हे बरोब्बर उलटं करायचं. संध्याकाळी वास यायच्या आधीच खिडक्या लावायच्या, सकाळी घाईने उघडायच्या नाहीत, आणि दुपारी बारा ते चार-साडेचार, समोरचा डोंगर स्वच्छ दिसत असेल आणि वारा समुद्राकडून येत असेल तेव्हा सगळं घर उघडून टाकायचं. सासूबाईंचं फिरणं संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पण अंधार पडायच्या आत. ज्या दिवशी भरदुपारीच डोंगर पेटलेला दिसतो आणि धूर तुमच्याच दिशेने येतोय त्या दिवशी हे वेळापत्रक चालणार नाही, त्या दिवशी बंदच.

आता मिस्टरांचा मुद्दा, गवताचाच धूर. त्यांच्यावर रागवू नका, कोकणात निम्मे लोक असंच म्हणतात. पण गवत काय, लाकूड काय, पालापाचोळा काय, जळताना जे बारीक कण निघतात त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो त्यावरून अंदाज करा. नाकातले केस, घशातला कफ यांना हे कण दाद देत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि त्यातले सगळ्यात बारीक तर रक्तातही उतरतात, म्हणून धुराच्या दिवसात दम्याबरोबर हृदयाच्या पेशंटनाही त्रास वाढतो. वर त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतं, फॉर्माल्डिहाइड असतं, बेंझीन असतं. ही केमिकलंच आहेत, डब्यातून आली नाहीत इतकंच. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की पीएम २.५ तेवढंच वाढलं तर वणव्याच्या धुराने श्वासाच्या त्रासाचे ॲडमिट होणारे पेशंट जास्त वाढतात, गाड्या वगैरे इतर धुरापेक्षा दहापटीपर्यंत जास्त. तेव्हा नैसर्गिक धूर म्हणून तो सौम्य, हे डोक्यातून काढून टाकायला सांगा त्यांना. आणि लहानपणापासून बघतोय म्हणाल तर तेव्हा त्यांची आई ७१ ची नव्हती.

नणंदेचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ती न्यू जर्सीला आहे म्हणजे २०२३ चा जून तिने बघितला असणार. कॅनडात क्युबेकमध्ये जंगलं जळत होती, शेकडो किलोमीटर लांब, आणि वारा उत्तरेकडून आल्यावर तो सगळा धूर न्यूयॉर्क, न्यू जर्सीवर उतरला, ७ जूनला न्यूयॉर्कचं आकाश भरदिवसा नारिंगी होतं आणि एक्यूआय काही तास ४०० च्या वर होता. जिथे आग बघायलाही मिळत नाही अशा शहरात लोक मास्क शोधत होते. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात पॅराडाइज नावाचं गाव जळलं तेव्हाही अडीचशेएक किलोमीटरवरच्या सॅन फ्रान्सिस्कोत हवा २०० च्या पुढे गेली होती. तर आग लांब आहे म्हणून आपण सुटलो असं नसतं. पण त्याच सॅन फ्रान्सिस्कोत ९ सप्टेंबर २०२० ला आणखी एक झालं, सकाळ उजाडलीच नाही, दुपारीसुद्धा आकाश गडद भगवं, लोक घाबरून गेले, आणि मजा म्हणजे जमिनीवरची हवा त्या दिवशी तितकी वाईट नव्हतीच, कारण समुद्राकडून आलेला थंड हवेचा थर खाली होता आणि धूर त्याच्या वर अडकलेला. पुढच्या दिवसांत तो खाली उतरला, आकाशाचा रंग जरा निवळला आणि हवा मात्र बिघडली. म्हणून मावळतीचा सूर्य लालभडक दिसला की घाबरायचं आणि आकाश पांढुरकं दिसलं की निश्चिंत व्हायचं, असं करू नका. नाकाचंही तसंच आहे. तास-दोन तासात नाकाला वासाची सवय होते, आणि धूर शिळा झाला की वास देणारे वायू विरून जातात पण कण हवेतच राहतात, दुसऱ्या दिवशी वास गेला म्हणून धूर गेला असं नसतं.

मग ॲपवर विश्वास का ठेवायचा नाही, तर ठेवा, पण ते काय सांगतंय ते समजून ठेवा. आपल्याकडे एक्यूआय काढताना पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी धरतात. समजा रात्री तीन तास एक घनमीटर हवेत ३०० मायक्रोग्रॅम कण होते, म्हणजे भयंकर, आणि बाकीचे एकवीस तास २५. करा सरासरी, ५९ च्या आसपास येते. आपल्या मोजमापात ६० पर्यंत समाधानकारक, एक्यूआय १०० च्या आत. म्हणजे तुमचा मुलगा तीन तास ज्या हवेत खोकत झोपला ती हवा सरासरीत विरघळून गेली आणि सकाळी तुम्हाला हिरवा रंग दिसला! शिवाय तेच ६० अमेरिकन मोजमापात टाकले तर आकडा १५० च्या पुढे जातो, तिथे त्याला आरोग्याला घातक म्हणतात, त्यामुळे तुम्ही आणि नणंद फोनवर आकड्यांवरून वाद घालत असाल तर आधी कोणाचं ॲप कुठलं मोजमाप दाखवतंय ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२१ मध्ये २४ तासांसाठी १५ ची मर्यादा सांगितली आहे, आपली ६० आहे.

दुसरं म्हणजे ॲपवरचा आकडा कुठून येतो. केंद्रीय प्रदूषण मंडळाचं समीर ॲप प्रत्यक्ष स्टेशनवरचं मोजमाप दाखवतं, पण बाकीची बरीच ॲप्स तुमच्या गावात यंत्र नसेल तर सॅटेलाइट आणि कॉम्प्युटरच्या अंदाजावरून आकडा देतात, आणि एका खोऱ्यात रात्री कोंडलेला धूर त्या अंदाजात पकडला जाईलच असं नाही. त्यामुळे आकड्यावर टॅप करून तो कुठल्या स्टेशनचा, ताशी आहे की सरासरी, ते बघायची सवय लावा. ताशी आकडा मिळाला तर तोच धरा. घरात ठेवायचं छोटं मीटर मिळतं, ते घेतलंत तरी चालेल, फक्त आपल्याकडच्या दमट हवेत ते जरा जास्तच दाखवतं, तेव्हा नेमका आकडा किती यापेक्षा कधी चढतो कधी उतरतो हे बघायला ते वापरायचं. आणि काहीच नसेल तर डोंगर. रोज दिसणारी झाडं, टॉवर, कड्याची रेघ दिसेनाशी झाली तर हवा वाईट आहे, एवढं धरून चाला. आग कुठे आहे ते बघायचं तर नासाचा फर्म्स नावाचा नकाशा फुकट आहे, मोबाईलवर उघडतो, सॅटेलाइटला दिसलेल्या आगींचे ठिपके असतात त्यावर. संध्याकाळी एकदा बघून ठेवायचा, आणि ठिपके तुमच्या पूर्वेला, सह्याद्रीकडे असतील तर रात्रीची तयारी करायची.

तयारी म्हणजे एक खोली. सगळं घर धुरापासून वाचवायला जाऊ नका, नाही जमत, आणि मग माणूस कंटाळून काहीच करत नाही. सासूबाई आणि मुलगा दोघं जिथे झोपतील अशी एक खोली निवडा, शक्यतो डोंगराच्या विरुद्ध बाजूची, कमी खिडक्यांची. खिडक्यांच्या फटींना टेप किंवा जुन्या कापडाच्या पट्ट्या, दाराखाली गुंडाळलेला टॉवेल. एक्झॉस्ट फॅन बंद, कारण तो आतली हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच बाहेरची हवा फटीतून आत ओढली जाते. पाण्याचा कूलर असेल तर तोही बंद, तो बाहेरचीच हवा आत घेतो. सीलिंग फॅन चालेल. स्प्लिट एसी असेल तर बिनधास्त लावा, तो खोलीतलीच हवा फिरवतो, धूर आत आणत नाही, पण गाळतही नाही, त्याची जाळी धुळीसाठी असते.

गाळायचं काम प्युरिफायरचं. परवडत असेल तर घ्या, सासूबाईंसाठी हा खर्च योग्य आहे असं मला मनापासून वाटतं. हेपा, म्हणजे बारीक कण पकडणाऱ्या फिल्टरचा असायला हवा, आयन सोडणारा किंवा ओझोन करणारा अजिबात नको, ओझोन दम्याला वाईट. दुकानदार किती स्क्वेअर फूट सांगतो त्यावर जाऊ नका, सीएडीआर विचारा, म्हणजे तासाला किती घनमीटर हवा गाळून देतो तो आकडा. दहा बाय बाराची खोली, साडेनऊ फूट उंच धरली तर साधारण ३२ घनमीटर हवा होते, ती तासाला पाच वेळा गाळली जावी असं धरलं तर १६० च्या वर सीएडीआर हवा. छोटे डबे मिळतात स्वस्तात, टेबलावर ठेवायचे, त्यांनी काही होत नाही, पैसे वाया घालवू नका. संध्याकाळपासून फुल स्पीडवर, झोपताना आवाज नको वाटला तर एक पॉइंट कमी. बजेट नसेल तर नुसता बदली हेपा फिल्टर आणून टेबलफॅनला घट्ट बांधतात लोक, परदेशात वणव्याच्या दिवसात असे घरगुती पंखे खूप जणांनी केले आणि त्याने कण कमी होतात, फक्त पंखा तापत नाही ना यावर लक्ष ठेवा आणि त्याला एकटं सोडून घराबाहेर जाऊ नका.

आणि ताई, खिडक्या बंद केल्यावर आत काय जळतंय तेही बघा. डासांची कॉइल. एका जुन्या, २००३ च्या अभ्यासात मोजलं होतं, एक कॉइल पूर्ण जळली की त्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात. बंद खोलीत, दम्याच्या माणसाच्या उशाशी! मच्छरदाणी लावा. देवापुढची उदबत्ती आणि संध्याकाळचा धूप तेवढे दिवस बंद, नुसतं निरांजन पुरे, सासूबाईंना वाईट वाटेल तर त्यांच्याशी बसून बोला, चार दिवसांचा प्रश्न आहे म्हणावं. मासे तळायचे ते दुपारी, खिडक्या उघड्या असताना. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर खाली बसलेलं सगळं परत हवेत. आणि तुमच्या सोसायटीचा वॉचमन सकाळी पातेरा, म्हणजे वाळका पाला, जाळतो असं तुम्ही लिहिलंय, तो तर आज संध्याकाळच्या आत थांबायला पाहिजे, सेक्रेटरीला जाऊन भेटा. एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात टाकला तर पावसाळ्यानंतर खत होतं त्याचं.

ओला रुमाल, हा फार जुना समज. डोळ्यांची जळजळ, मोठी राख यांना थोडा अडतो, बारीक कण सरळ आरपार जातात. सर्जिकल मास्क बाजूने उघडा असतो. एन९५ चांगला, पण गालाला चिकटून बसला तरच, दाढी असेल तर मिस्टरांना तो नीट बसणार नाही. सासूबाईंना एन९५ ने दम लागल्यासारखं होत असेल तर जबरदस्ती करू नका, त्यांना आतच ठेवा. मुलाच्या चेहऱ्याला मोठ्यांचा एन९५ बसत नाही, त्यालाही आत ठेवणंच बरं, आणि शाळेत एक फोन करून सांगा की धूर दिसतोय त्या दिवशी सकाळचं मैदान नको, लहान मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतात आणि धावताना आणखी.

गुळाचं म्हणाल तर गूळ पोटात जातो हो ताई, फुफ्फुसात नाही. खाऊ दे, पण त्याने धूर निघून जातो असं समजून बाकीचं सोडू नका. वाफेने नाक-घसा मोकळा होतो, बरं वाटतं, आत गेलेले कण बाहेर येत नाहीत, आणि लहान मुलाला उकळत्या पाण्याजवळ बसवायचं तर भाजण्याची भीती जास्त. तेव्हा मुलाला नकोच.

औषधाचं मात्र अगदी गंभीरपणे सांगते. सासूबाईंचे दोन पंप असतील, एक रोजचा आणि एक दम लागल्यावर घ्यायचा. बरं वाटायला लागलं की रोजचा बंद करतात, हे घरोघरी चालतं आणि वणव्याच्या दिवसात तेच अंगाशी येतं, कारण तो सूज कमी ठेवणारा असतो आणि त्याचा परिणाम दिसायला दिवस जातात. जानेवारी संपायच्या आत डॉक्टरांकडे जाऊन सांगा की आमच्याकडे दरवर्षी धूर होतो, या महिन्यांत डोस काय ठेवायचा, वाढला तर काय करायचं, ते कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजला चिकटवा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून पंप घेतात ना तेही विचारा. त्रास धुराच्या रात्रीच होतो असंही नाही, एक-दोन दिवसांनी उमटतो. बोलताना वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतात, छातीत दुखतं, पंप घेऊनही आराम नाही, मुलाच्या बरगड्यांमध्ये श्वास घेताना खड्डा पडतो, असलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा चांगला आहे म्हणून थांबू नका, कार्बन मोनॉक्साइड रक्तात असेल तर ते यंत्र फसतं.

गुहागरला भावाकडे नेऊन ठेवू का म्हणता, तर रात्रीचा मतलई वारा शेवटी समुद्राकडेच जातो, धूर त्याच्याबरोबर तिकडेही जाऊ शकतो. पण तिथे खोऱ्यासारखं कोंडत नाही आणि खारा वारा लवकर पोचतो, तेव्हा मोठा वणवा असेल तर दोन-चार दिवस नेणं चांगलंच. फक्त त्यांचं घर कौलारू असेल तर कौलांच्या फटीतून हवा येतच राहते, खोली बंद होत नाही, तिथे प्युरिफायर नेऊन फार फायदा नाही, उलट माळा किंवा फॉल्स सीलिंग असलेली खोली असेल तर ती निवडा.

एक गोष्ट मला फार लागते ती म्हणजे हे दरवर्षीचंच आहे असं आपण म्हणतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे कुठल्या विजा पडतात की डोंगर आपोआप पेटावा. कोणीतरी लावतं. नवं गवत चांगलं येतं म्हणून, शिकारीसाठी, बांध साफ करताना हाताबाहेर जाऊन, विडीचं थोटूक टाकून, कधी विजेच्या तारांच्या ठिणगीने. कोणाच्या तरी काजू-आंब्याच्या कलमांची वर्षानुवर्षांची मेहनत एका दुपारी जाते आणि खाली शहरात तुमचा मुलगा खोकतो, आग तीच. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. ज्वाळा दिसल्या की व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकण्याआधी वन खात्याचा १९२६ लावा, घरांजवळ असेल तर ११२. आणि डिसेंबरातच ग्रामपंचायतीला, वन खात्याला पत्र द्या की आमच्या बाजूच्या उतारावर जाळरेषा काढा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेली मोकळी पट्टी. गवत पेटल्यावर हातात काही राहत नाही.

राहिली सासऱ्यांची भाजावळ. त्यांना एकदम थांबा म्हणू नका, ते ऐकणार नाहीत आणि त्यांचं सगळंच चुकतंय असंही नाही. कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, शेण, गवत पसरून तरव्याची, म्हणजे भाताची रोपं करायची, जागा भाजली की तणाचं बी मरतं, राखेतून पोटॅश मिळतं, माती भुसभुशीत होते, हे त्यांनी अनुभवाने बघितलंय. पण ती एका वाफ्याची आग असते, डोंगर पेटतो तो वारा सुटलेला असताना, आजूबाजूचं गवत न काढता, माणूस जेवायला घरी गेला म्हणून. तेव्हा या वर्षी एवढंच सांगा त्यांना, की सभोवती चांगली रुंद पट्टी साफ करून घ्यायची, पाण्याचं पिंप जवळ ठेवायचं, निखारा विझेपर्यंत हलायचं नाही, आणि संध्याकाळी पेटवायचं नाही कारण तो धूर रात्री खालच्या वाडीत उतरतो, पेटवायचं तर सकाळी वारा सुटायच्या आधी आणि दुपारच्या आत संपवायचं. आणि एक कोपरा न भाजता करून बघा म्हणावं, गादीवाफा म्हणजे जरा उंच वाफा करून, कुजलेलं शेणखत घालून, तणासाठी आधी एकदा पाणी देऊन उगवलेलं तण काढून टाकून. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे गादीवाफ्याची माहिती मिळते, मिस्टरांनाच घेऊन जायला सांगा सासऱ्यांना. दोन्ही रोपं जुलैत शेजारी शेजारी लावली की कुठली बरी ते सासरे स्वतःच ठरवतील.